दाढीचा ब्रश उलटा टांगावा का?

ब्रशने फेस काढून दाढी करणाऱ्यांमध्ये एक समजूत इतकी रुळली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कुणाला वाटत नाही. दाढी झाली की ब्रश धुवायचा आणि मूठ वर, केस खाली असा टांगून ठेवायचा. तसे केले नाही तर पाणी केसांच्या बुडाशी उतरते, तिथे मुरते, केस कुजतात, त्यांना धरून ठेवणारा गोंद सुटतो आणि ब्रश झडू लागतो, असे सांगितले जाते. ब्रश टांगण्याचे जे स्टँड बाजारात मिळतात, त्यांची सगळी भिस्त या एका विधानावर असते. विधान ऐकायला पटते, कारण पाणी खाली वाहते हे कुणाला शिकवावे लागत नाही. पण ब्रशच्या गुच्छात अडकलेले पाणी मोकळ्या पाण्यासारखे वागत नाही. ते का वागत नाही हे समजून घेतले, तर स्टँड कशासाठी घ्यायचा, कसला घ्यायचा, घरी बनवायचा तर कोणत्या मापाचा आणि तो ठेवायचा कुठे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे बदलतात. ब्रश वाळतो तो झटकल्याने आणि हवेने. तो उलटा आहे की सुलटा याला फार थोडे महत्त्व आहे. स्टँडचा उपयोग आहे, पण तो वेगळ्याच कारणासाठी.

आधी पाण्याकडे पाहू. दाढीच्या ब्रशात मुठीबाहेर दिसणाऱ्या केसांची उंची साधारण ५ सेंटिमीटर असते आणि गुच्छाचा बुडाशी व्यास २० ते २६ मिलिमीटर. एवढ्या जागेत हजारो केस ठासून भरलेले असतात. एकेक केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून बारीक, आणि दोन केसांमधली फट त्याहूनही अरुंद. अशा अरुंद फटीत पाणी शिरले की पृष्ठताण त्याला धरून ठेवतो. यालाच केशाकर्षण म्हणतात. फट जितकी बारीक, तितका पाण्याचा स्तंभ उंच तोलला जातो. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत स्वच्छ पाणी सुमारे १५ सेंटिमीटर उंचीपर्यंत तोलले जाते. साबणाच्या अंशामुळे पृष्ठताण निम्म्यावर आला असे धरले, तरी ही उंची ७ सेंटिमीटरच्या आसपास राहते. आपला गुच्छ मात्र अवघा ५ सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे गुच्छाच्या गाभ्यातले पाणी गुरुत्वाकर्षण ओढून काढू शकत नाही, मग ब्रश कसाही ठेवा. खाली ओघळते ते फक्त बाहेरच्या बाजूच्या सैल केसांमधले, रुंद फटींतले पाणी. टांगलेल्या ब्रशाच्या टोकाला लोंबणारा थेंब पाहून पाणी निथळते आहे असे वाटते, तो थेंब याच बाहेरच्या पाण्याचा असतो. शिवाय केशाकर्षणाचा आणखी एक परिणाम असा की पाणी रुंद फटीतून अरुंद फटीकडे खेचले जाते. गुच्छात केस सर्वांत दाटीने असतात ते बुडाशी. त्यामुळे शेवटचे पाणी बुडाशीच उरते, ब्रश उभा असो वा उलटा. बुडाशी ओल राहते ही तक्रार खरी आहे; ती टांगल्याने जाते, हे खरे नाही.

मग हे पाणी काढायचे कसे? गुरुत्वाकर्षणाहून मोठे बळ लावून. ब्रश मुठीत घट्ट धरून हात कोपरातून जोरात झटकला, तर टोकाशी जे बळ निर्माण होते ते गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक पट असते. दोरीवर पिळून टाकलेले कपडे तासभर ठिबकत राहतात आणि वॉशिंग मशीनच्या ड्रायरमधून निघालेले कपडे अजिबात ठिबकत नाहीत, यातला फरक हाच आहे. पाच-सहा जोरदार झटक्यांत ब्रशातून जेवढे पाणी बाहेर पडते तेवढे रात्रभर टांगून पडणार नाही. झटकण्याआधी गुच्छ मुठीत हलकेच आवळून पाणी काढले आणि झटकल्यावर केसांची टोके कोरड्या पंचावर दोन-चार वेळा मागेपुढे फिरवली, की ओघळण्याजोगे पाणी जवळजवळ शिल्लकच राहत नाही. पंचा इथे कामाचा आहे, कारण त्याच्या धाग्यांमधल्या फटीही बारीक असतात आणि त्या ब्रशातले पाणी स्वतःकडे ओढून घेतात. केस पिरगाळायचे मात्र नाहीत. ओला केस कोरड्या केसापेक्षा कमजोर असतो, आणि पिरगाळताना सगळा ताण मुळाशी येतो.

एवढे करूनही ब्रश ओलाच असतो, कारण पाणी केसांमध्ये अडकते तसे केसांच्या आतही शिरते. बिज्जूचे केस, डुकराचे राठ केस, घोड्याचे केस हे सगळे केराटिनचे बनलेले असतात, आणि केराटिन पूर्ण भिजल्यावर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी स्वतःत सामावून घेते. त्यामुळे केस फुगतो आणि मऊ होतो. डुकराच्या केसांचा ब्रश वापरण्याआधी काही मिनिटे भिजत ठेवायला सांगतात ते यासाठीच. केसाच्या आत गेलेले हे पाणी ठिबकत नाही, झटकलेही जात नाही. त्याला बाहेर पडायचा एकच रस्ता आहे, बाष्पीभवनाचा. कृत्रिम तंतूंचा हिशेब निराळा आहे. नायलॉन पूर्ण भिजला तरी वजनाच्या ८-९ टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो, आणि अलीकडच्या मऊ कृत्रिम ब्रशांत वापरला जाणारा पॉलिएस्टर जातीचा तंतू तर एक टक्काही घेत नाही. आपल्याकडे किराणा दुकानात किंवा जनरल स्टोअर्समध्ये मिळणारे स्वस्त ब्रश बहुतेक नायलॉनचेच असतात. ते झटकले की काम संपले. त्यांच्यासाठी वेगळा स्टँड विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही. नैसर्गिक केसांच्या ब्रशासाठी मात्र प्रश्न उरतोच, आणि तो पाण्याकडून हवेकडे वळतो.

बाष्पीभवनाचा वेग ठरवणाऱ्या गोष्टी तीन: हवेतली आर्द्रता, हवेची हालचाल आणि तापमान. यातली आर्द्रता किती प्रभावी आहे ते साध्या हिशेबात दिसते. तापमान आणि वारा सारखाच धरला, तर वाळण्याचा वेग हवेत अजून किती बाष्प मावू शकते यावर अवलंबून राहतो. ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत ७० टक्के जागा रिकामी, ९० टक्क्यांच्या हवेत १० टक्के. म्हणजे सातपट फरक. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते. मे महिन्याच्या दुपारी नागपुरात ती २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. नागपुरातला ब्रश उन्हाळ्यात कसाही ठेवला तरी सकाळचा ओला संध्याकाळी कोरडा मिळेल. कोकणात पावसाळ्यात तो कितीही निगुतीने टांगला तरी पुरता वाळणार नाही, कारण ८५ टक्के आर्द्र हवेत केराटिन आपल्या वजनाच्या पाचव्या भागाएवढे पाणी धरूनच ठेवते. म्हणून ब्रश कसा ठेवायचा याची काळजी करणाऱ्याने तो कुठे ठेवायचा याचा विचार आधी करायला हवा. आपल्या घरांत ब्रश ठेवण्याच्या नेहमीच्या जागा बाष्पीभवनाच्या दृष्टीने सर्वांत वाईट आहेत: न्हाणीघरातला कोनाडा, जिथे तीन बाजू बंद असतात, आरशाच्या दाराचे प्लॅस्टिकचे कपाट, ज्यात आतली ओल आतच राहते, आणि टूथब्रशांचा पेला, ज्याच्या तळाशी नेहमी पाणी असते आणि त्यात मूठ बुडलेली असते. त्यात कुणी बादलीभर कढत पाण्याने अंघोळ केली की खोलीची हवा बाष्पाने भरते, आणि अर्धवट वाळलेला ब्रश पुन्हा ओल धरतो. तोच ब्रश झटकून, पुसून पंख्याच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर सावलीत नुसता उभा ठेवला तर बंद न्हाणीघरातल्या पितळी स्टँडवर टांगलेल्या ब्रशापेक्षा लवकर वाळेल. पावसाळ्यात एसी चालू असलेली खोली त्याहून चांगली, कारण एसी हवेतली ओल काढून टाकतो. कडक ऊन मात्र टाळावे. उन्हातल्या अतिनील किरणांनी केस ठिसूळ होतात आणि लाकडी मूठ तडकू शकते.

टांगण्याच्या बाजूचा सर्वांत मोठा आक्षेप मुठीचा आणि गोंदाचा आहे. ब्रश उभा ठेवला तर पाणी मुठीच्या खाचेत उतरते आणि केस जिथे बसवलेले असतात तो गोंद सैल करते, असे म्हणतात. यात जुन्या काळचे थोडे तथ्य आहे. पूर्वी केसांचे गुच्छ राळेसारख्या पदार्थांनी मुठीत बसवत असत, आणि त्या जोडणीत पाणी शिरणे वाईटच होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत केस कडक रबरात पक्के करण्याची पद्धत आली; केस न गळणारा ब्रश अशी तिची ख्याती झाली, यावरून केस गळणे ही तेव्हा किती मोठी तक्रार होती ते कळते. आज मात्र केसांचे बूड इपॉक्सीत बुडवून एकजीव केलेले असते आणि तो गठ्ठा मुठीच्या खाचेत पुन्हा इपॉक्सीनेच चिकटवलेला असतो. नीट जमलेले इपॉक्सी थंड पाण्याच्या ओलीने विरघळत नाही. त्याला खरा धोका उष्णतेचा. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारी बरीच इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपासून पुढे मऊ पडू लागतात, आणि गिझरचे पाणी सहज त्या तापमानाला पोहोचते. तेव्हा ब्रश उभा ठेवतो म्हणून चिंता करणारा माणूस रोज तो कढत पाण्यात मुठीपर्यंत बुडवून ठेवत असेल, तर त्याची चिंता चुकीच्या जागी आहे. हाताला सोसवेल इतकेच कोमट पाणी घ्यावे आणि भिजवताना फक्त केस बुडतील एवढेच पाणी असावे. लाकडी मुठीची गोष्ट थोडी वेगळी. लाकूड ओलीने फुगते, वाळल्यावर आक्रसते आणि वरचे पॉलिश गेले की चिरते. पण तिथेही नुकसान करते ते मुठीच्या बुडाखाली साचलेले पाणी. मूठ कोरडी पुसली आणि कोरड्या जागी ठेवली, तर गुच्छातली ओल तिला एवढा त्रास देत नाही.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. टांगलेला ब्रश स्वच्छ, उभा ठेवलेला अस्वच्छ, असे मानले जाते. दाढीच्या ब्रशामुळे माणसे दगावल्याचा खरा इतिहास आहे, आणि तो या वादात उपयोगी पडतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिक आणि नागरिक यांना चेहऱ्यावर आणि मानेवर अँथ्रॅक्सचे फोड येऊ लागले. १९१५ ते १९२४ या वर्षांत अशा दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले काही मेले. शोध घेतल्यावर धागा नव्या, स्वस्त ब्रशांपर्यंत पोहोचला. युद्धामुळे चांगल्या केसांचा व्यापार आणि त्यांच्या शुद्धीकरणाची नेहमीची साखळी तुटली होती. त्याऐवजी पूर्वेकडून आलेले घोड्याचे केस रंगवून बिज्जूच्या केसांसारखे दिसतील असे केले जात होते, आणि ते नीट निर्जंतुक न करताच ब्रशात भरले जात होते. १९२० साली ब्रिटनने जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. यात लक्षात घ्यायचे ते असे की जंतू ब्रश ओला राहिल्याने आले नव्हते. ते जनावराच्या केसांबरोबरच आले होते, बीजाणूंच्या रूपात. आणि अँथ्रॅक्सचे बीजाणू कोरड्या अवस्थेत वर्षानुवर्षे टिकतात. ब्रश कितीही छान वाळवला असता तरी ते मेले नसते. वाळवणे आणि निर्जंतुक करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सलूनमध्ये तर हा भेद रोजच्या व्यवहाराचा आहे. एकाच ब्रशाने दिवसभरात अनेकांच्या चेहऱ्यावर फेस लावला जातो आणि दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये तो वाळायला वेळच नसतो. वस्तऱ्याने किंवा ब्लेडने सूक्ष्म जखम झाली तर रक्ताचा अंश ब्रशाला लागू शकतो, आणि हिपॅटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस टिकतो. केशकर्तनालयांनी प्रत्येकासाठी नवे ब्लेड वापरायची पद्धत स्वीकारली, ते फार योग्य झाले. ब्रशाच्या बाबतीतही गिऱ्हाइकाने आपला ब्रश न्यावा किंवा कारागिराने हात धुऊन हातानेच क्रीम लावावे, हाच सुरक्षित मार्ग आहे. आरशाखालच्या चकचकीत स्टँडवर ब्रश टांगून हा धोका रेसभरही कमी होत नाही.

घरात एकट्याने वापरायच्या ब्रशाला खरा त्रास होतो तो बुरशीचा आणि साबणाच्या थराचा, आणि हे दोन्ही एकमेकांना धरून असतात. दख्खनच्या पठारावर बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या मेदाम्लांशी जुळून न विरघळणारा चिकट पांढरा थर बनवतात. हा थर गुच्छाच्या बुडाशी साठतो, केसांमधल्या फटी आणखी बारीक करतो, त्यामुळे ओल जास्त काळ टिकते, आणि केस एकमेकांवर घासताना मुळाशी तुटतात. ज्याला आपण ब्रश कुजला म्हणतो तो बऱ्याचदा नीट न धुतलेला ब्रश असतो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दहा भाग पाण्यात एक भाग पांढरे व्हिनेगर घालून त्यात केस पाच-सात मिनिटे ठेवावेत. आम्लामुळे तो थर फुटतो, पण त्यातून सुटणारी मेदाम्ले तेलकट असतात, म्हणून नंतर थोड्या शाम्पूने धुणे गरजेचे आहे. हा दुसरा टप्पा गाळला तर ब्रशाला फेस धरत नाही. जड पाण्याच्या गावात रोज शेवटचे खळबळणे पिण्याच्या गाळलेल्या पाण्याने केले तर आणखी बरे, मात्र ते पाणी आरओचे असावे, नुसत्या जाळीने किंवा मेणबत्तीच्या फिल्टरने गाळलेल्या पाण्याचा जडपणा जात नाही.

इतके वाचून स्टँड निरुपयोगी आहे असे वाटेल, पण तसे नाही. केस ज्या आकारात वाळतात तो आकार काही काळ धरून ठेवतात. केराटिन भिजले की त्याच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना जिथे असतील तिथे पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घातली तर सुटल्यावर त्यांना लाटा पडलेल्या दिसतात त्या यामुळेच. ब्रश मगात केसांवर उभा करून ठेवला, डब्यात दाबून ठेवला किंवा ओल्या फळीवर आडवा टाकला तर गुच्छ त्याच वाकड्या आकारात वाळतो, आणि रोज तसेच झाले तर एका बाजूला कायमचा झुकतो. शिवाय टेकलेली बाजू वाळतही नाही. म्हणून वाळताना केसांना कशाचाही स्पर्श होता कामा नये, ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उभा ब्रश ही अट आपोआप पाळतो, टांगलेलाही पाळतो. फरक पडतो तो बुडाखाली. उभ्या ब्रशाला सपाट, कोरडी, धक्का न लागणारी जागा हवी, आणि मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधल्या वॉशबेसिनशेजारी अशी जागा नसते. तिथे टांगायचा स्टँड मूठ ओल्या फळीपासून उचलून धरतो, ब्रश पडू देत नाही आणि हवा चहूकडून फिरू देतो. अरुंद बुडाच्या, वजनदार धातूच्या मुठीच्या ब्रशालाही त्याचा आधार होतो. स्टँड घ्यायचा तो या कारणांसाठी. या कारणांनी निवडायला बसले की दुकानातले बरेचसे नमुने बाद होतात.

पहिली पाहायची गोष्ट म्हणजे स्टँडचा चिमटा, म्हणजे पुढून उघडा असलेला तो अर्धगोल, ब्रशाला कुठे धरतो. त्याने मुठीच्या कमरेला धरले पाहिजे, म्हणजे केसांच्या लगत जिथे मूठ बारीक होते तिथे. मुठीचा फुगीर भाग त्यावर टेकतो आणि केस खाली मोकळे लोंबतात. काही स्वस्त स्टँड चुकीच्या मापाचे असतात आणि केसांच्या बुडालाच पकडतात. मग ओले केस धातूत आवळले जातात आणि नेमकी जी जागा वाळायला हवी तिथली हवा बंद होते. म्हणून स्टँड विकत घेण्याआधी आपल्या ब्रशाची कंबर मोजावी. पट्टीने नीट मोजता येत नाही. दोऱ्याचा वेढा घेऊन त्याची लांबी ३.१४ ने भागावी, व्यास मिळतो. चिमट्याचे तोंड त्याहून २-३ मिलिमीटर जास्त आणि मुठीच्या फुगीर भागापेक्षा निश्चितपणे कमी हवे. पूर्ण बंद कड्याचा स्टँड घेऊच नये, कारण त्यातून ब्रश घालता-काढताना केस चुरगळतात. दुसरी गोष्ट म्हणजे खालची मोकळी जागा. केसांची टोके आणि तळ यांत किमान अडीच-तीन सेंटिमीटर अंतर असावे. तळाला वाटीसारखा खोलगट भाग असेल तर त्यात पाणी साचून राहते, तेव्हा सपाट किंवा किंचित उतरता तळ चांगला.

घरी बनवणाऱ्याला यापेक्षा चांगली वस्तू मिळू शकते, कारण माप आपल्या ब्रशाचे असते. नेहमीचा ब्रश १० ते ११ सेंटिमीटर लांब असतो. कमरेपासून केसांच्या टोकापर्यंतचे अंतर साडेसहा-सात सेंटिमीटर धरले आणि खाली तीन सेंटिमीटर हवा सोडली, तर चिमट्याची उंची तळापासून दहा सेंटिमीटर येते. सर्वांत सोपा प्रकार तारेचा. ३ ते ४ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तार घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार कापलेल्या टोकाशी लगेच गंजते आणि गंजाचे डाग केसांवर उतरतात. समुद्रकाठी पितळ हिरवे पडते आणि साध्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस डाग येतात, तेव्हा तिथे तार अधूनमधून गोड्या पाण्याने पुसावी लागते. तार पाइपच्या तुकड्याभोवती वळवावी, पण पाइप हव्या असलेल्या मापापेक्षा थोडा बारीक घ्यावा, कारण वळवून सोडली की तार थोडी उलगडते. टोके कानशीने गोल करून घ्यावीत. तळासाठी ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा तुकडा उत्तम. फरशीच्या कामात उरलेले तुकडे दुकानदार सहज देतात. १० बाय १० सेंटिमीटरचा, १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट जवळजवळ अर्धा किलो भरतो. ६०-७० ग्रॅमचा ब्रश त्याला डगमगवू शकत नाही, अट एवढीच की ब्रश जिथे लोंबतो त्याच्या बरोबर खाली दगड असावा. तार मागच्या कडेशी भोक पाडून अ‍ॅराल्डाइटने बसवली की पुढच्या बाजूला चिमटा आपोआप दगडाच्या मध्यावर येतो.

लाकडाचा स्टँड दिसायला अधिक सुंदर होतो, पण त्यात दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे चिमट्याची बोटे लाकडाच्या रेषांना आडवी कापली जातात. अशी बोटे पहिल्याच धक्क्याला रेषेवरून तुटतात. फळी अशी धरावी की रेषा बोटांच्या लांबीच्या दिशेने जातील. त्यात आधी कमरेच्या मापाचे गोल भोक पाडावे आणि मग समोरच्या कडेपर्यंत दोन समांतर काप देऊन तोंड उघडावे. दुसरी चूक जवसाच्या कच्च्या तेलाची. ते लाकडाला छान रंग देते, पण दमट जागी त्यावर काळी बुरशी धरते. सागवान तेलकट असल्याने ओल सोसते, तरीही न्हाणीघरासाठी मेलामाइन किंवा पीयू पॉलिशचे दोन-तीन हात द्यावेत, आणि रेषांची उघडी तोंडे दिसतात त्या कडांना एक हात जास्त, कारण लाकूड पाणी पिते ते तिथूनच. आंबा, पाइन किंवा प्लायवूड वापरण्यात अर्थ नाही; एका पावसाळ्यात थर सुटतील किंवा फळी वाकेल. आणि ज्याला यातले काहीच करायचे नसेल, त्याने खिडकीच्या कोरड्या कट्ट्यावर साबण ठेवायची भोकांची जाळी ठेवावी आणि पुसलेला ब्रश तिच्यावर उभा करावा. तेही पुरेसे आहे, आणि हे सांगताना मी स्टँडची बाजू अजिबात कमी लेखत नाही.

प्रवासाचे सांगायचे तर भोके असलेली प्लॅस्टिकची नळी बंद डब्यापेक्षा बरी, पण ओला ब्रश तिच्यातही वाळत नाही. मुक्कामी पोहोचताच तो बाहेर काढून मोकळा ठेवावा, आणि वारंवार फिरणाऱ्याने प्रवासापुरता कृत्रिम तंतूंचा ब्रश ठेवावा हे सर्वांत सोयीचे. रोज दाढी करणाऱ्याने पावसाळ्यात दोन ब्रश आलटून पालटून वापरले, तर प्रत्येकाला वाळायला दोन दिवस मिळतात. कोकणात तरी हा उपाय कुठल्याही स्टँडपेक्षा परिणामकारक आहे.

ज्यांनी वीस वर्षे ब्रश टांगला आणि तो टिकला, ते आपला अनुभव पुढे करतील. अनुभव खोटा नाही, पण त्यातून कारण सिद्ध होत नाही, कारण जो माणूस हौसेने स्टँड घेतो तो ब्रश नीट धुतो, झटकतो आणि मोकळ्या जागी ठेवतोही. टांगण्याचा वाटा वेगळा काढायचा तर तराजू लागतो. सोनारकामाचे, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारे छोटे डिजिटल काटे आता स्वस्तात मिळतात. एकाच जातीचे, एकाच वेळी घेतलेले दोन ब्रश कोरडे असताना तोलून नोंद करावी. दोन्ही सारखे भिजवून, सारखे झटके देऊन, एक उभा आणि एक टांगलेला, शेजारी शेजारी ठेवावा आणि दर दोन तासांनी दोघांचे वजन लिहावे. दुसऱ्या दिवशी जागा आणि स्थिती यांची अदलाबदल करावी, म्हणजे दोन ब्रशांतला मुळातला फरक निघून जातो. वेगवेगळ्या दिवशी एकच ब्रश तोलण्यात अर्थ नाही, कारण दोन दिवसांच्या हवेतला फरक स्थितीच्या फरकाला गिळून टाकेल. तिसऱ्या दिवशी एक ब्रश न झटकता टांगावा आणि दुसरा झटकून उभा ठेवावा. पहिल्या दोन तासांच्या नोंदी तेवढ्या नीट पाहाव्यात.